लेझर, माझ्या वेळेला

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळीचा घड उतरवताना कोयता निसटला आणि माझ्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीकडे, व्रण राहिला. तेव्हा मी शाळेत होते. व्रणाची मला सवय झाली. लोकांना कधी झाली नाही.

आत्याने आणलेलं विरारचं स्थळ चांगलं होतं. मुलगा मलाही आवडला होता. पण त्याच्या आईचा निरोप आला, साखरपुड्याआधी लेझर करून घ्या, फोटो चांगले येतील. मुलगा गप्प. त्याचं ते गप्प बसणं मला फार लागलं. मी नाही म्हटलं. स्थळ गेलं आणि घरात बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं झालं.

काही वर्षांनी मला स्वतःलाच वाटलं, हा व्रण थोडा कमी झाला तर आवडेल. एवढंच. कुणाला न विचारता मी माणिकपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधीच सांगितलं, "पूर्ण जाणार नाही, फिका होईल. तीन-चार वेळा यावं लागेल." गालाला बधिर करणारं मलम, डोळ्यांवर झाकण, मग टोचत सरकणारा चटका आणि केस जळल्यासारखा वास. घरी आले ती लालबुंद गाल घेऊन.

आई भडकली. "हेच करायचं होतं, तर तेव्हा काय धाड भरली होती?"

"तेव्हा त्यांना हवं होतं. आता मला हवंय."

चुलत बहिणीच्या हळदीला मी खपल्या धरलेल्या गालानेच गेले. तोंड लपवून घरी बसायला मी काही चोरी केली नव्हती. आत्या हळदीचा हात घेऊन आली, तो मी वरच्या वर धरला. गालाला काही लावायला डॉक्टरांची मनाई होती. मग ती शेजारी बसून हळूच म्हणाली, "बाय, त्या विरारच्या पोराचं अजून जमलेलं नाय. तू लेझर करतेस कळल्यावर त्याच्या आईचा फोन आला. आता ते तयार आहेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणभर वाटलं, पुढचं लेझर रद्दच करून टाकावं. पण त्यांच्यावरच्या रागाने थांबवायचं, म्हणजे पुन्हा त्यांनीच माझ्या गालाचं ठरवायचं. ते मी होऊ देणार नव्हते.

"मग काय सांगू त्यांना?" आत्याने विचारलं.

"सांग, मुलाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. त्याच्या चेहऱ्यावरचं काय काय काढून घ्यावं लागेल, ते बघते आणि कळवते."