थेंबवाले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्याच्या थेंबावर जीव टाकणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात दुसरा नसेल. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि आता शिवाजी पेठेतल्या घरी दिवसभर थेंब हलवत बसतात. थेंब गोल असतो असं कुणी म्हटलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं. "गोल कुठला? धक्का बसला की लांबतो, चपटा होतो, परत लांबतो. पाण्याला कातडी असल्यागत असतं, ती ओढून जाग्यावर आणती." आमच्या साखरपुड्यात त्यांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. "नाकावरचा घाम पुसू नका पावणं, पडायला आलाय," एवढंच म्हणाले. सगळ्या फोटोंत मी नाक पुढे करून उभा आहे.

गेल्या गणपतीत कहर झाला. नेमक्या सुरात हलवलं की थेंबाला कोपरे फुटतात आणि त्याची चांदणी होते. घरातला स्पीकर पुरेना, म्हणून मामा ताटात अळूचं पान, पानावर थेंब घेऊन मिरवणुकीतल्या साउंड सिस्टिमच्या भिंतीसमोर उभे राहिले.

"आजोबा, प्रसाद हाय काय?" नाचणाऱ्या एका पोरानं विचारलं.

"थेंब हाय. गाणं बदला, बेस कमी पडतोय."

गाणं बदललं, ताट थरथरलं, थेंबाला पाच कोपरे फुटले. तालमीची नाचणारी सगळी पोरं ताटावर वाकली. मिरवणूक तटली, मागच्या मंडळानं शिव्या घातल्या, पोलीस आला आणि तोही वाकला.

मामींनी मात्र उभ्या संसारात एकही थेंब पाहिला नाही. "भांडी कोण घासणार, थेंब?" म्हणायच्या.

दिवाळीनंतर मामींचं मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तर मामा सलाइनकडे पाठ करून बसलेले.

"त्या थेंबाकडं बघवत न्हाय," ते मला हळूच म्हणाले.

मामी मात्र टक लावून बघत होत्या. "अहो, पडायच्या आधी ह्याची मान बारीक हुती. आणि तुटल्यावर वर ऱ्हायलेला थरथरतोय. असं का?"

मामा पाठमोरेच पाण्याच्या कातडीचं सांगू लागले.

"इकडं बघून सांगा की."

मामांनी खुर्ची फिरवली.

मामी सुखरूप घरी आल्या. हल्ली थेंब हलवायच्या आधी मामा त्यांना हाक मारतात. भिंतीला धरून त्या येईपर्यंत बरेचदा थेंब वाळून जातो. मामा दुसरा घेतात.