झऱ्यावरचा कावळा

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू! पण चहा ओतलाच आहे, तर सांगून टाकतो. अमेरिकेच्या वाळवंटात मी बायकोचं वर्षश्राद्ध करायला गेलो आणि असा घोळ घातला, की मुलगा अजून त्या जागेचं नाव काढत नाही.

हसू नका. निदान एवढ्यात नको.

कुसुम गेली ती टेक्सासमध्ये, अर्विंगला, मुलाकडे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, "झालं हो काका, शास्त्रात आहे तसं." असेल. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. साहेब रजेवर असले की रबरी शिक्का चालतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण शिक्क्यावर निघालेल्या फाइलीची धाकधूक राहतेच. पोचलं का तिला? तृप्त झाली का? वर्षभर डोक्यात तेच.

शेवटी मुलगा, निखिल, म्हणाला, "बाबा, वेस्ट टेक्सासला एक कॅन्यन आहे. आत नॅचरल झरा आहे. एकदम इझी हाइक, लहान मुलंही करतात. आणि रेव्हन्स भरपूर."

"रेव्हन म्हणजे?"

"डोमकावळा, बाबा. जिमला जाणारा कावळा."

मग काय, निघालो!

वाट खरंच सोपी होती. दोन्हीकडे तांबडे कडे, पायाखाली वाळू, आणि एका वळणावर अचानक खडकातून पाझरणारी करंगळीएवढी धार. तिच्याखाली हिरवंगार नेचं. कुसुमला आवडलं असतं. म्हणजे तिनं आधी बाटली भरून घेतली असती, मग आवडलं असतं.

शेजारी पाटी होती : वन्य प्राण्यांना खायला घालू नये. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी सूचनेकडे पाठ केली आणि दगडावर केळीचं पान मांडलं. अर्विंगच्या इंडियन स्टोअरमधलं, फ्रोझन. त्यावर दहीभात, वडा, खीर. तीळ मात्र गाडीतच राहिले. निखिल ते आणायला परत गेला.

मी चपला काढल्या, हात जोडले. वर कड्यावर दोन डोमकावळे बसले होते. खाली ढुंकून बघतील तर शपथ!

अशा वेळी काय करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, तर ती पुरी करू असं कबूल करायचं. मी सुरुवात केली. "बीपीच्या गोळ्या वेळेवर घेईन." काही नाही. "सूनबाईच्या चहाला नावं ठेवणार नाही." एकानं मान वळवली. दुसरीकडे. "बरं, कानाचं मशीन लावीन!" हे जरा ओरडूनच म्हणालो.

"सर? आर यू ओके?"

मागे एक हॅटवाली बाई उभी, हातात काठी. तिच्यामागे आणखी पाच-सहा हायकर. भर उन्हात अनवाणी म्हातारा कड्याशी भांडतोय. ऊन लागलंय, असं वाटलं तर तिचं काय चुकलं? तिनं मला खाली बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला.

"आर यू अलोन, सर?"

आता पितर, पिंड, कावळा, हे सगळं इंग्रजीत कुठून सांगणार? मी सोपा मार्ग धरला. "नो, नो. वेटिंग फॉर माय वाइफ." आणि बोट वर दाखवलं.

मुळात गोरी बाई, आणखी पांढरी पडली. "अप देअर? सिन्स व्हेन?"

"व्हेरी लाँग टाइम," मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

"व्हॉट्स हर नेम?"

"कुसुम."

झालं! एक दांडगा पोरगा कड्यावर चढायला लागला. दुसरा फोन उंच धरून सिग्नल शोधत पळाला. आणि उरलेल्यांनी तोंडाशी हात धरून हाका मारायला सुरुवात केली. "कूसूम! कूऽऽसूऽऽम!"

मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण ती हाक कड्यावर आपटून परत आली. या कड्यावरून, मग त्या कड्यावरून. आमच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारत नसत. अख्खा संसार "अगं"वर झाला. आणि ती गेल्यापासून घरात कोणी तिचं नाव काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. वर्षभरानं ते नाव कानावर पडत होतं, तेही इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या काळजीनं. सगळे असे खात्रीनं वर बघत होते, की ती आहेच तिथे. जरा वाट चुकलीय, एवढंच.

तुम्ही काय केलं असतं?

मी उठलो. कपाळावर आडवा हात धरला आणि कडा एका टोकापासून नीट बघायला लागलो. आणि मीही हाक मारली. "कुसुम!"

मागून हॅटवाली ओरडली, "सर! युअर फूड! बर्ड! शू, शू!"

"लेट इट ईट, मॅडम," मी मागे न बघता खेकसलो. "फर्स्ट फाइंड माय वाइफ!"

तेवढ्यात निखिल धापा टाकत आला. वाटभर आईच्या नावाच्या हाका ऐकत आला होता बिचारा. हातातल्या पुडीतले तीळ सांडत होते, त्याकडे लक्ष नव्हतं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे.

"बाबा… भात गेलाय. कावळा शिवला?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "तुझी नजर चांगली आहे. तू वर बघ ना, कुठे दिसते का."