पडद्याची गाडी आणि दाराची गाडी

आमच्या ह्यांनी जन्मभर टुरिस्ट बस चालवली. लोकांना काश्मीर दाखवलं, कन्याकुमारी दाखवली आणि बायकोला दाखवली लालबागची चाळ. रिटायर झालो की तुला फिरवीन, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत पोटाचं ऑपरेशन निघालं. जीव वाचला, पण शौचासाठी पोटाला कायमची पिशवी लागली.

त्यानंतर माणूस घरातच बसला. परळला तपासणीला जायचं म्हटलं तरी आदल्या संध्याकाळपासून जेवायचे नाहीत. लग्नकार्यं बंद. गणपतीला गावी जाणंही बंद झालं, तेव्हा मात्र मी देवाशीच भांडले. चाळ पडून तिथेच टॉवर उभा राहिला होता, आम्हाला वरच्या मजल्यावर घर मिळालं होतं; खिडकीतून खाडीपर्यंत दिसायचं, पण हे खिडकीशीही जायचे नाहीत. हा माणूस आता या चार भिंतींतच संपणार, ही भीती मला खात होती.

मोटारहोमचं खूळ माझंच. चाकांवरचं घर, आत पलंग, ओटा, संडास. मुलगी म्हणाली, "आई, या वयात?" मी म्हटलं, "मग कुठल्या वयात?" डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि मी ह्यांना जवळजवळ ओढतच पनवेलच्या पुढच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं.

तिथे दोन गाड्या विकायला होत्या. मोठीत माझ्या उंचीचा ओटा, समोर खिडकी, ऐसपैस पलंग. संडासाला मात्र नुसता पडदा. छोटीत ओट्याच्या नावाने एक फळी. पलंग इतका अरुंद की कूस बदलायची तर दोघांनी आधी ठरवून बदलायची. पण संडासाला भक्कम दार होतं.

"मोठीच," मी सांगून मोकळी झाले.

"पडदा आहे," हे म्हणाले.

"मग? अख्खा संसार पडद्याआडच केला की आपण!"

खोटं नव्हतं ते. चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे अलीकडे, आम्ही पलीकडे. दोन मुलं झाली, भांडणं झाली, पडद्यापलीकडचं कधी कुणी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं सगळ्यांनी, पण न ऐकल्यासारखं केलं. माझ्या लेखी पडदा म्हणजे भिंतच.

विक्रेता मला छपरावरचं सोलर समजावत होता. तेवढ्यात हे कुठे गेले ते कळलं नाही. शोधत मी छोट्या गाडीत गेले, तर संडासाचं दार आतून बंद. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने कडी निघाली. हे कमोडच्या झाकणावर बसले होते, डोळे लाल.

"बरं वाटत नाही का?" मी घाबरले.

"घरी दार आहे म्हणून ह्या पिशवीचं निभावतंय गो," हे हळू म्हणाले. "पडद्याआड तू न ऐकल्यासारखं करशील. चांगलं करशील, मला माहीत आहे. पण तुझं ते करणं मला सोसायचं नाही. त्यापेक्षा मी घरी राहतो. तू जाऊन ये."

मला रडूच आलं. दोन वर्षं मी ह्यांच्या औषधपाण्यात कसूर केली नव्हती आणि ही एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ओटा हवा होता मला, खिडकी हवी होती.

विक्रेता दाराशी आला. "मॅडम, मोठी फायनल करायची ना?"

"छोटी," मी म्हटलं.

"ठीक आहे. ट्रायलला मी चालवतो, काका मागे आरामात बसतील."

ह्यांनी तोंड पुसलं आणि चावीसाठी हात पुढे केला. पुढे जाऊन सीट मागे सरकवली, आरसा नीट केला. मी मागच्या पलंगाकडे वळले.

"तिकडे कुठे?" हे म्हणाले. "पुढे ये. आजवर माझ्या बाजूला फक्त क्लीनर बसलाय."