माझा रिफंड आणि पूर्वीच्या सासूबाई

घटस्फोट होऊन वर्ष उलटलं होतं. माझं माहेर तंजावूरच्या राजवाड्यामागे आणि सासर, म्हणजे जे होतं ते, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे पूर्वीच्या सासूबाई फुलवालीपाशी भेटायच्याच. एकदा मोगरा निवडता निवडता म्हणाल्या, "तुझा टॅक्सचा रिफंड आला म्हणे. बरं झालं."

मलाच ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर उलगडा झाला. लग्न टिकून होतं तोवर माझे टॅक्सचे कागद नवराच बघायचा. कोर्टात दागिने, भांडी, स्कूटर सगळं वेगळं झालं. टॅक्सच्या खात्यावर मोबाइल आणि ईमेल मात्र त्याचेच राहिले. यंदा ऑडिटरने रिटर्न भरलं, त्याच्याही ते लक्षात आलं नाही.

मी लगेच पूर्वीच्या नवऱ्याला फोन लावला. तो ओरत्तनाडूच्या कचेरीत होता. म्हणाला, मुद्दाम काही वाचलं नाही. मेसेज आला, अम्मा शेजारीच बसली होती, तिने विचारलं, मी सांगितलं. मला धास्ती होती ती टॅक्सवाल्यांनी ईमेलवर पाठवलेल्या हिशेबाच्या फाइलची. तिच्यात माझा पगार, शिकवण्यांचे पैसे, बँकेचं व्याज, सगळं होतं.

"फाइल उघडलीत?"

 तो म्हणाला, "पासवर्डात तुझी जन्मतारीख लागते. टाकून बघितली. चुकते."

ज्या विसरभोळेपणावरून मी दरवर्षी अबोला धरला, त्यानेच माझी मिळकत झाकून ठेवली होती. मला हसू आवरेना. त्याने हळूच विचारलं, "कुठली आहे?" मी सांगितली नाही.

नंबर बदलायला त्याच्या फोनवर येणारा ओटीपी हवा होता. फोनवरून सांगायचा तर त्याचा चष्मा सापडेपर्यंत मुदत संपायची. म्हणून रविवारी बसस्टँडजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटायचं ठरलं. तो आईला घेऊन आला. फोन त्यांच्याच हातात. त्यांनी ओटीपी तमिळमध्ये एकेक आकडा करून असा खणखणीत वाचला, की पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तो मला पुन्हा नीट सांगितला.

काम झालं. कॉफी संपवताना सासूबाई म्हणाल्या, "आता तुझं कसं चाललंय ते आम्हाला कळायचं कसं?"

त्या खरंच कष्टी दिसत होत्या. मी म्हटलं, फोन करा.

आता त्या दर आठवड्याला करतात. जेवलीस का विचारण्याआधी पगार वाढला का विचारतात. मी थोडा कमी करून सांगते.