भिंतीकडच्या पत्रावळी

सन एकोणीसशे सव्वीस. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा. धाकटा भाऊ विलायतेतली बॅरिस्टरी अर्ध्यावर टाकून बुऱ्हाणपूरला परत आला. मी जेमतेम दोन बुकं शिकलेला, फोपनारच्या शेतात कापूस काढणारा. पण माणूस मला कळतो. हा काहीतरी लपवत होता.

ताट घेऊन गोठ्यात जायचा आणि आतून कडी लावायचा. अंगानं निम्मा झालेला. मला वाटलं, नक्की बाटला. मी त्याची पेटीसुद्धा हुंगून पाहिली. नुसता साबणाचा वास. मला त्या साबणाचाही संशय आला.

समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त झालं, पंचगव्य झालं. राहिली जातीची पंगत. रीत अशी, की पहिला घास त्यानं घ्यायचा, सगळ्यांनी तो पाहायचा, मगच बाकीच्यांनी हात घालायचा. त्यानं घास तोंडात घेतला. गिळेना. घामानं सदरा भिजला आणि घास पानात पडला.

"घास अडकला की क्रूस?" बुधवारा पेठेत राहणारे आमचे काका म्हणाले.

पंच हसले नाहीत. "उद्या सकाळी परत बसवा. घास उतरला नाही तर तुमचं घरच जातीबाहेर."

तो उठून गोठ्यात गेला. मागोमाग जाऊन मी फटीतून पाहिलं. गडी भिंतीकडे तोंड करून मायच्या हातची भाकर बकाबका खात होता! मी दार ठोठावून उघडायला लावलं.

"आता बरा उतरतो रे घास?"

त्याचा हात थांबला. "भाऊ, पाठ फिरवा. मग सांगतो."

फिरवली.

"तिथं मी जेवायला लागलो की मेजावरचे सगळे गप्प व्हायचे. माझ्या हाताकडे पाहायचे. मग मी खोलीत एकटाच जेवू लागलो. पुढं वर्गात जाणंही सुटलं. दिवसदिवस कोणाशी बोलणं नाही. आता कोणी पाहिलं की गळा मिटतो. माय पाहते, तरीसुद्धा."

"हा कसला आजार? नाव काय त्याचं?"

"नाव ठाऊक असतं तर आल्या दिवशीच सांगितलं असतं."

मला पटलं नाही. पूर्ण तर आजही पटत नाही. पण पाठीमागून भाकर चावल्याचा आवाज येऊ लागला, आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच यायच्या आत मी ओसरीवर पाट मांडले आणि सगळ्या पत्रावळी भिंतीकडच्या बाजूला ठेवल्या. काका दारातच थबकले.

"हे काय रे? भिंतीचं तोंड पाहत जेवायचं?"

"घास उतरल्याशी मतलब ना, काका? कान आहेत ना, ऐका," म्हटलं, आणि भावाच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसलो.