फिल्मवरचा गुंता

मोठ्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. माझ्या बहिणीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता. "काय सुंदर आहे! यावर आपला रिसर्च पेपर नक्की," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. लगेच सगळ्यांनी मोबाइल काढले. नवरीचे फोटो काढायलासुद्धा एवढी झुंबड उडत नाही.

बहीण मागे खाटेवर बसली होती.

"डोकं दुखतं का?" डॉक्टरांनी फिल्मकडे बघतच विचारलं.

"फार दुखतं," ती त्यांच्या पाठीला म्हणाली.

संशोधन म्हणे! बारीक बघायची सवय लागली की या विद्वानांना अख्खा माणूस दिसेनासा होत असावा.

निघताना डॉक्टर खाटेखालच्या तिच्या चपलांना अडखळले. "या इथे कुणाच्या?" त्यांनी विचारलं.