घरच्यांनी पाडलेल्या जजबाई

अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या गवताळ मुलखात आर्डिस टॉलेफसन बावीस वर्षं जजबाई होत्या. कुणाचा वळू कुणाच्या कुंपणात शिरला, इथपासूनचे तंटे त्याच मिटवत. तिथे न्यायाधीशही लोकांच्या मतांवर निवडले जातात; यंदा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, आणि लोकांशी हात मिळवून मिळवून त्यांचा खांदा धरला.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लव्हॉनच्या हॉटेलात रेडिओने निकाल सांगितला. राज्यात जजबाई जिंकल्या होत्या, पण स्वतःच्या जिल्ह्यात सपाटून आपटल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला. "व्हर्लिन, तूसुद्धा?"

म्हातारा व्हर्लिन टोपी चोळू लागला. "बाई, नव्या जजला माझा वळू ओळखायलाच दहा वर्षं जातील. म्हटलं, तुम्ही पडलेल्याच बऱ्या."

"आणि बाकीचे?"

बाकीचे सगळे कॉफीत डोकावले.

तेवढ्यात लव्हॉनने 'अभिनंदन' लिहिलेला परातीएवढा केक आणला.

"हा कधी केलास गं?"

"काल, तुमच्याविरुद्ध मत देऊन आल्यावर. आमचं ऐकून कधी थांबलायत तुम्ही?"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग सुरी उचलून म्हणाल्या, "आरोपी व्हर्लिन, पुढे या! पहिला तुकडा तुम्हाला."